गोंदाचे तीन ठिपके

लोहाऱ्यात सास्तूरच्या जीपा जिथं भरतात, त्या कोपऱ्यावर ‘राजेश्वरी ऑनलाइन सेंटर’ नावाचं दहा बाय बाराचं दुकान आहे. राजेश्वरी ही दुकानवालीची मुलगी, ती शिकायला बाहेर असते. दुकान चालवते तिची आई, दैवशाला. सातबारा, पीकविमा, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, झेरॉक्स, लॅमिनेशन, सगळं तिथं होतं. असली दुकानं आता गल्लोगल्ली झाली आहेत, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखी आहे ती दैवशाला. पण तिच्याबद्दल खरं सांगायचं तर मला माझी एक चोरीही सांगावी लागेल, म्हणून इतके दिवस टाळत होतो.

मी बलभीम. सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. त्यातली चौदा वर्षं बारनिशीला काढली. बारनिशी म्हणजे आलेलं टपाल फोडायचं, शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि ज्याच्या त्याच्या टेबलावर धाडायचं. पाकीट दिसलं की माझा हात आपोआप पट्टीकडं जायचा. आवाजही देवानं खणखणीत दिला आहे. गर्दीत यादी वाचायची असली की साहेब मलाच हाक मारायचे, आणि मला त्याचा अभिमान होता.

निवृत्त झालो आणि घरी बसून बायकोच्या कामात नाक खुपसायला लागलो. मथुराबाईनं, म्हणजे आमच्या हिनं, पंधरा दिवस सोसलं आणि सोळाव्या दिवशी सांगितलं, “अवो, जरा बाहीर जाऊन येत जावा.” तेव्हापासून मी रोज सकाळी दैवशालाच्या दुकानातल्या बाकावर जाऊन बसायला लागलो. पेपर वाचायचा, तिनं मागवलेला चहा प्यायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला न मागता सल्ला द्यायचा. त्या बाकावर मला चार वर्षं झाली.

दैवशाला सास्तूरची लेक. त्रेचाळीस-चव्वेचाळीसची असेल. बुटकी, सावळी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलणं असं की समोरच्यानं गप्प बसून ऐकावं. नवरा धुळाप्पा मेंढरं राखतो. तो कधी दुकानावर आला तर बाहेरच्या पायरीवर बसतो. मी एकदा त्याला म्हटलं, “अरे, मालकीणबाईचा नवरा तू, आत ये की.” तर तो हसून म्हणाला, “न्हाय जी, आत लोकांची पत्रं असत्यात. तिकडं मला बी मनाई हाय.”

ही मनाई समजून घ्यायची तर दुकानाची रीत सांगावी लागेल. आमच्या भागात फॉर्म भरायला ईमेल लागतो, पण स्वतःचा ईमेल सगळ्यांकडं कुठं? काही जण काढतात आणि पासवर्ड विसरतात. मग दैवशालाच्या दुकानाचाच ईमेल शे-दोनशे लोक आपला म्हणून देतात. त्यामुळं कुणाला नोकरीत नाकारलं, कुणाचं स्थळ मोडलं, कुणाच्या भावानं हिश्श्यासाठी वकिलाकडून लिहून धाडलं, सगळं तिच्याच एका पेटीत येऊन पडतं. दुसरी एखादी असती तर गावाचं वर्तमानपत्र झाली असती. निदान मी तरी झालो असतो.

दैवशालानं काय केलं, तर एक खाकी पुठ्ठा कापला आणि दोऱ्यानं कॉम्प्युटरच्या पडद्यावर टांगला. पुठ्ठ्याला बोटभर उंचीची एक खिडकी ठेवली. त्या खिडकीतून फक्त विषयाची ओळ दिसते. म्हणून प्रत्येकाला तिची ताकीद असते, की पाठवणाऱ्याला सांगा, विषयात नाव-गाव लिहायचं. नाव वाचलं की ती छापायचा हुकूम देते. तिचा प्रिंटर कागद पालथा बाहेर टाकतो. तसाच पालथा कागद ती न बघता तीन घड्या घालून पाकिटात सरकवते, पाकिटाला गोंदाचे तीन ठिपके देते, वर नाव घालते आणि भिंतीवरच्या लाकडी खणांत ठेवून देते. म्हणजे ईमेलचं तिनं पुन्हा बंद पाकीट करून टाकलं. जाणाऱ्या पत्राचीही तीच तऱ्हा. ज्यांना टाइप येत नाही ते कागदावर लिहून आणतात, आणि ती कागद पालथा घेऊन स्कॅनरच्या काचेवर ठेवते.

“एवढा कुटाणा कशाला?” मी एकदा विचारलं होतं. “तू वाचलंस तर कुणाला कळणार आहे?”

“मला कळंल की,” ती म्हणाली, आणि पुढचं पाकीट चिकटवायला घेतलं.

लोकांना लिहायला शिकवण्याचाही तिला भारी सोस. ‘हाय सर, माझं काय झालं’ असं कुणी लिहिलं की ती पुसायला लावायची. आधी नमस्कार, मग आपण कोण, मग काम, शेवटी नाव. कल्याणप्पा नावाच्या एका मास्तरांनी मुलाच्या लग्नाची पत्रिका सत्तर जणांना एकदम धाडायला घेतली, तेव्हा ती त्यांना म्हणाली, “सर, समद्यांचे पत्ते समद्यांना कशाला दावता? ह्या खालच्या रकान्यात टाका. पदर घिऊन पाठवल्यावानी जातंय.” शिवराज म्हणून एक तरणाबांड गडी आहे. त्याला कंपनीनं मुलाखतीला बोलावून परत पाठवलं, म्हणून तो तणतणत आला आणि साहेबाच्या सात पिढ्या उद्धरणारं पत्र टाइप करून बसला. दैवशालानं ते पाठवूच दिलं नाही. “रागातलं पत्र रातभर भिजत घालायचं. उद्या ये,” म्हणाली. शिवराज दुसऱ्या दिवशी आला, स्वतःच लिहिलेलं वाचून खजील झाला आणि पुसून टाकलं. मी बाकावरून हसलो. दुसऱ्याला शहाणपण शिकवलेलं बघायला मला नेहमीच आवडतं.

आणि एक दिवस त्या खणांत मला माझ्या घरचं नाव दिसलं. मथुराबाई, लोहारा.

आधी वाटलं, दुसरी कुणी मथुराबाई असेल. पण पाकिटाखाली आमच्या हिची बाजाराची निळी कापडी पिशवी घडी घालून ठेवलेली, बहुतेक मागच्या बाजारच्या दिवशी विसरलेली. मी दैवशालाला विचारलं, “हे काय आहे?”

“टपाल हाय, काका.”

“ते दिसतंय. आमच्या हिला कुणाचं टपाल?”

“मी बघितलं न्हाय. अन् बघितलं असतं तरी सांगितलं नसतं.”

माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, मी तिचा नवरा आहे, छत्तीस वर्षं संसार केलाय, आमच्यात लपवाछपवी नाही. शेवटचं वाक्य बोलतानाच मला कळलं की ते खोटं आहे, कारण लपवलेलं तर समोर खणात होतं. दैवशाला शांतपणे म्हणाली, “मंग मावशीलाच इचारा की. त्या सांगत्याल.” मी पेपर आपटला आणि तरातरा घरी गेलो.

विचारलं मात्र नाही. का नाही, ते सांगतो. मला उत्तर ठाऊक होतं. या घरात असं एकच माणूस होतं की ज्याच्याशी बोलायला मथुरेला माझ्यापासून लपावं लागलं असतं. आमची मुलगी, ज्ञानेश्वरी.

चार वर्षांपूर्वी तिनं बेंगळुरात तिच्या ऑफिसातल्या मुलाशी लग्न केलं. मुलगा जातीबाहेरचा. मी फोनवर तिला सांगितलं की या उंबऱ्याला पुन्हा पाय लावायचा नाही, आणि तिचं नाव घरात काढायचं बंद केलं. मथुरेनं तेव्हा मान खाली घातली. मला वाटलं, तिलाही पटलं. घरात मोठा फोन एकच, तो माझ्या खिशात. तिच्याकडं बटणांचा फोन. त्यावर कुणाचा फोन आला-गेला ते मी रोज संध्याकाळी बघायचो. याला मी तेव्हा काळजी म्हणायचो. बाई बिचारी काय करणार? सातवीपर्यंत शिकलेली माझी बायको दर बाजारच्या दिवशी मेथीच्या जुड्यांखाली चार ओळी लपवून न्यायची आणि मी बाकावर नसेन अशा वेळी दैवशालाच्या काचेवर पालथ्या ठेवायची.

दोन दिवस मी धुमसत राहिलो. तिसऱ्या दिवशी दुकानात गेलो, तर पाकीट अजून खणातच होतं. अकराच्या सुमाराला लाइट गेली. गिऱ्हाईक पांगलं. दैवशाला म्हणाली, “काका, जरा बसा, मी धुळाप्पाची भाकरी जीपवाल्याकडं दिऊन येते.” आणि गेली. तिनं दुकान माझ्या भरवशावर टाकलं होतं, हे लक्षात घ्या. मी ते लक्षात घेतलं नाही.

टेबलावर लोखंडी पट्टी होती. तीन ठिपके उचलायला मला तीन क्षण लागले. चौदा वर्षांचा सराव.

पत्र दोन पानांचं होतं. सुरुवातीला नेहमीचं, तिकडं पाऊस कसा, भाजी किती महाग, आईची कंबर कशी आहे. मग लिहिलं होतं की आता सातवा महिना लागेल, बाळ लाथा मारतं. आणि पुढं असं: ‘आई, पहिलं बाळंतपण माहेरी असतं म्हणतात. मला रोज रडू येतं, पण मी येते म्हणणार नाही, आणि तूही बाबांना विचारू नकोस. ते नाही म्हणाले तर मला इथं एकदाच ऐकावं लागेल. तुला तिथं रोज त्या नाहीबरोबर राहावं लागेल. हे आपल्या दोघींतच ठेव. बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना तेल लावून दे, पण मी सांगितलं म्हणू नकोस.’

मी पत्राची घडी केली. मला आजोबा करायला निघालेली माझी पोर मला घाबरत होती, आणि माझ्या गुडघ्याची चौकशीही मला चोरून करत होती. डोळे पुसले, पत्र पाकिटात घातलं, टेबलावरची गोंदाची बाटली घेतली, पाकीट नीट चिकटवलं आणि जागेवर ठेवून दिलं. पेपर उघडून बसलो. पेपर उलटा नव्हता, एवढं बघितलं.

दैवशाला आली. लाइटही आली. तिनं सहज खणांवरून नजर फिरवली आणि ते पाकीट काढलं. बोटानं कड चाचपली.

“काका,” ती म्हणाली, “मी तीनच ठिपके लावते. म्हातारी माणसं असत्यात, नखानं उघडाय सोपं जावं म्हणून. ह्ये पार ह्या टोकापसनं त्या टोकापर्यंत चिकटवलंय. कचेरीत चिकटवत्यात तसं.”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझ्या चोरीवर तर भरदुपारचं ऊन पडलं होतं. ती ओरडेल असं वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही ओरडलो असतो. तिनं स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसली.

“त्र्याण्णवचा भूकंप झाला तवा मी अकरा वर्सांची हुते,” ती म्हणाली. “आमचा बा गेला. आई अन् मी पत्र्याच्या शेडात. पंधरा-वीस दिसांनी टपाल याय लागलं, ढिगानं. घरं न्हाईत तर दारं कुठली, कुणाचं पत्र कुठं टाकायचं? मंग लिंबाखाली कचेरीतला एक माणूस खुर्चीवर उभा ऱ्हायचा अन् नाव पुकारायचा. लोकच म्हणायची, साहेब, वाचून दावा. बायांना वाचता येत नव्हतं. त्यो वाचायचा, समद्यांना ऐकू जाईल आसं. लोकांना बरं वाटायचं. कुणाचं तरी कुणी जित्तं हाय, एवढंच ऐकायला बसायची.”

मी हातातला पेपर घडी करून बाकावर ठेवला.

“माझी थोरली बहीण लक्ष्मी तुळजापूरकडं दिलेली. तिनं भूकंपाच्या आदी दोन दिस आईला पत्र टाकलेलं. सासू पोटभर जेवू देत न्हाय, सासरा अंगावर धावून येतो, आई, कुणाला सांगू नको, फकस्त सणाला मला घिऊन जा. ह्ये समदं त्या लिंबाखाली वाचलं. अन् लक्ष्मीचा सासरा तिथंच हुता, काका. आमच्यासाठी भाकरीचं गठुडं घिऊन आलेला. त्या दिशी त्यो माणूस म्हणून आलेला. त्यानं गठुडं आईफुडं ठिवलं अन् काय न बोलता निघून गेला. तीन वर्सं लक्ष्मीला धाडलं न्हाय. पयलं बाळंतपण बी सासरीच झालं. आई त्या दिसांत रोज जीप यायच्या वक्ताला रस्त्यावर जाऊन बसायची. कुणी येत नव्हतं.”

पहिलं बाळंतपण. तिनं पाकिटातलं अक्षर वाचलेलं नव्हतं, तिला काही ठाऊक नव्हतं, आणि तरी शब्द तोच आला. मला बाकावर बसवेना.

“आणि... वाचणाऱ्यानं काय केलं?” मी विचारलं.

“काय करंल? फुडचं पत्र उचललं.”

मला तो लिंब आठवला. खुर्ची आठवली, तिचा एक पाय आखूड होता. भाकरीचं गठुडं आणि तो म्हातारा आठवत नाही. त्या महिन्यात मी शेकडो पत्रं वाचली. रात्री झोपताना मला वाटायचं, आज पुण्य घडलं.

“दैवशाला,” मी म्हणालो, आणि माझा खणखणीत आवाज कुठं गेला कुणास ठाऊक, “तो मी होतो.”

“ठावं हाय मला.”

“कधीपासून?”

“तुम्ही पयल्या दिशी दारात उभं ऱ्हाऊन ‘आधार दुरुस्ती होते का’ म्हणलात ना, तवाच आवाज वळकला.”

“मग चार वर्षं चहा कशाला पाजलास?”

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. “तुम्ही वाईट मनानं वाचलं नव्हतं, काका. लोकांनी सांगितलं म्हणून वाचलं. आईबी म्हणायची, त्या साहेबाला बोल लावू नका, त्यो दिसभर उभा हुता.” मग चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाली, “पर आज तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.”

मी आजवर साहेबांची बोलणी खाल्ली, मेमो खाल्ले, एकदा भर सभेत पाणउतारा झाला. यातलं काहीच मला त्या वाक्याइतकं लागलं नाही. साठी उलटलेला मी दुकानाच्या बाकावर बसून रडलो, आणि ती पाठ करून झेरॉक्सच्या मशीनमध्ये कागद भरत राहिली. तिनं माझं रडणंही बघितलं नाही. पालथंच ठेवलं.

थोड्या वेळानं तिनं पाकीट माझ्या हातात दिलं. “ह्ये आता मी मावशीला दिऊ शकत न्हाय. माझ्या दुकानात फुटलंय. तुम्ही न्या. पर फुटलेलं हाय, आसं सांगून द्या.”

घरी मथुरा ओसरीवर सुपात ज्वारी पाखडत होती. मी पाकीट तिच्यापुढं ठेवलं आणि म्हणालो, “तुझं पत्र आहे. मी फोडलं.”

सूप थांबलं.

“किती वाचलं?”

“सगळं.”

ती रागावली तर मी गप्प बसायचं ठरवून आलो होतो. ती रागावली नाही. तिनं सुपातले दोन खडे वेचून टाकले आणि म्हणाली, “अवो, चार वर्सं मी त्या पोरीसंगं मनातलं बोलत हुते. एवढ्या घरात तेवढीच एक जागा हुती माझी. तिथं बी तुम्ही चपला घालून आलात.”

पाकीट घेऊन ती परसात गेली. तिथं पाण्याच्या टाकीच्या आडोशाला दगड आहे, त्यावर बसून तिनं पत्र वाचलं. मी ओसरीवरून तिच्याकडं बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा बघायचं नाही असं ठरवलं आणि ते पाळलं.

दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. ताट यायचं, भाकरी गरम असायची, पण बाई मुकी. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, “तिला बोलवू या का?”

“मला काय इचारता? तिला इचारा,” ती म्हणाली. “अन् आदी चोरी सांगा. चोरी झाकून बोलावणं धाडलंत, तर मीच तिला कळवीन की येऊ नको म्हणून.”

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. दैवशालाला म्हणालो, “मला एक पत्र टाइप करायचंय.” तिनं पुठ्ठा वर केला, खुर्ची दिली, ज्ञानेश्वरीचा पत्ता काढून दिला आणि म्हणाली, “विषयात नाव-गाव लिवा. बाकी मला काय सांगू नका.” आणि बाहेर पायरीवर धुळाप्पाशेजारी जाऊन बसली, पाठ दुकानाकडं करून.

दोन बोटांनी टाइप करायला बसलो, तर पहिली ओळ अशी उमटली: ‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की.’ जित्याची खोड. ती पुसली. मग ‘तुझ्या आईच्या तब्येतीचा विचार करता’ असं लिहिलं. तेही पुसलं, कारण ते मथुरेच्या आड लपणं होतं. तासाभरानं जे उरलं ते असं होतं. हे पत्र माझं आहे, त्यामुळं ते सांगायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

‘ज्ञानेश्वरी, आईला आलेलं तुझं पत्र मी चोरून फोडलं आणि वाचलं. आईनं दाखवलं नाही, दैवशालानं दिलं नाही. दोष माझ्या एकट्याचा. त्यात जे माझ्यासाठी नव्हतं ते मला कळलं, आणि आता कळलं नाही असं करता येत नाही. तू मला घाबरतेस हे वाचून मला माझी लाज वाटली. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. तुझं माहेर लोहाऱ्यातच आहे. जावईबापूंनाही घेऊन ये. यावंसं वाटलं नाही तरी राग नाही. उत्तर दिलं नाहीस तरी राग नाही. गुडघा बरा आहे. बाबा.’

‘जावईबापू’ या एका शब्दाला पाव तास गेला.

मी दैवशालाला हाक मारली. ती आत आली, पण पडद्याकडं न बघता तिनं विचारलं, “रागातलं हाय का? तर उद्या पाठवू.”

“नाही,” मी म्हणालो. “राग होता तो चार वर्षं भिजत घातला होता. आता काही उरला नाही.”

“मंग दाबा बटण.”

मी दाबलं.

त्यानंतर मी बाकावर बसायला जायचो, पण खणांकडं पाठ करून. उत्तर आलं का, हे दैवशालाला विचारायचं नाही अशी शपथच घातली होती स्वतःला. एक दिवस गेला, चार गेले, आठवडा गेला. शिवराजनं मला विचारलंही, काका, आजकाल सल्ले देत नाही, तब्येत बरी आहे ना? घरी मथुरा थोडं थोडं बोलायला लागली होती. मीठ कमी पडलंय का, उद्या दळण न्यायचंय, असं. संध्याकाळी तिचा फोन तपासायचं मी बंद केलं होतं. तिच्या ते लक्षात आलं होतं.

अकराव्या दिवशी बाजार होता. मथुरा दुपारी परतली, पिशवी ओसरीवर टेकवली. निळ्या पिशवीत मेथीच्या जुडीवर एक पाकीट होतं.

“तुमचं टपाल,” ती म्हणाली.

वर दैवशालाच्या अक्षरात माझं नाव. बलभीम, लोहारा. मी ते उलटून बघितलं. गोंदाचे तीन ठिपके जसेच्या तसे होते. दुकानापासून आमच्या घरापर्यंत पायी अर्धा तास लागतो. अर्धा तास ती आपल्या लेकीचं हो किंवा नाही पिशवीत घेऊन चालत आली होती.

“तू उघडलं नाहीस?”

“नाव कुणाचं हाय त्याच्यावर?” असं म्हणून ती आत गेली.

आत गेली खरी, पण भांड्याचा आवाज आला नाही, पाण्याचा आला नाही. दाराआड ती उभी होती, मला कळत होतं. मी नखानं एक ठिपका उचलला, दुसरा उचलला, तिसरा उचलला. सावकाश वाचलं. दोनदा वाचलं.

त्यात काय लिहिलं होतं ते मी सांगणार नाही. ते पत्र मला आलेलं होतं. मथुरेला हाक मारली आणि वाचायला दिलं, ते माझ्या मर्जीनं. आणि ज्ञानेश्वरीनं शेवटच्या ओळीत ‘आईला दाखवा’ असं लिहिलं होतं, एवढं सांगायला हरकत नाही.

ती वाचत असताना मी उठलो. आमची मधली खोली, पूर्वीची ज्ञानेश्वरीची, चार वर्षं बंदच असते, तिथं सोयाबीनची पोती रचलेली असतात. मी कडी काढली, एका पोत्याला हात घातला आणि ओसरीकडं ओढायला लागलो. गुडघ्यात कळ आली. मागून पावलं वाजली.

“अवो, उसण भरंल कमरंत,” मथुरा म्हणाली. “हाक मारायची की मला.” आणि डोळे पुसून तिनं पोत्याचं दुसरं टोक धरलं.